ॲडमिन, कारण सांगा

व्हॉट्सॲप गटाच्या ॲडमिनची जबाबदारी नेमकी किती, हा प्रश्न २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आला. प्रकरण गोंदिया जिल्ह्यातले होते. एका सभासदाने गटातल्या महिलेबद्दल अश्लाघ्य मजकूर टाकला. ॲडमिनने त्याला गटातून काढले नाही आणि माफीही मागायला लावली नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा नोंदवला गेला होता. न्यायालयाने तो रद्द केला. दोघांचा हेतू एकच होता किंवा आधी संगनमत झाले होते, असे दिसत नसेल तर एकाच्या मजकुरासाठी दुसऱ्याला दोषी धरता येत नाही, आणि सभासद घेणे किंवा काढणे यापलीकडे ॲडमिनच्या हातात फारसे काही नसते, असे न्यायालयाने म्हटले. ॲडमिनला या निकालाने दिलासा मिळाला. पण त्याच्या कामाची जेवढी बाजू कायद्याला दिसली, तेवढीच ॲप बनवणाऱ्यांनाही दिसते. २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने ॲडमिनला कोणाचाही मेसेज सगळ्यांसाठी उडवण्याची सोय दिली. उडवलेल्या मेसेजच्या जागी तो कोणत्या ॲडमिनने डिलीट केला एवढीच ओळ उरते. का केला, हे लिहायला तिथे जागा नाही. हौशी कलागटांमध्ये जे बिनसते, ते बहुतेक वेळा या न लिहिलेल्या कारणामुळे बिनसते, आणि ते सांगणे हेच ॲडमिनचे मुख्य काम आहे, असे माझे म्हणणे आहे.

ठाणे ते कल्याण या वीसेक किलोमीटरच्या पट्ट्यात हा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरतो, कारण इथले कलागट फोनपुरते नसतात. गुढीपाडव्याच्या नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानाच्या पुढाकाराने १९९९ मध्ये सुरू झाली आणि मग महाराष्ट्रभर गेली. ठाण्यात पाडव्याच्या निमित्ताने गावदेवी मैदानावर भव्य रांगोळी काढली जाते. डोंबिवलीत शिल्पकार सदाशिव साठे यांचे शिल्पालय आहे. गेटवे ऑफ इंडियासमोरचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा त्यांचाच. अशा शहरांत रांगोळी, सुलेखन, जलरंग, छायाचित्रण यांचे हौशी गट असणार, आणि कोणी कुठे जमायचे, रंग कोण आणणार, प्रदर्शनासाठी चित्रे कधीपर्यंत द्यायची, हे सगळे आता फोनवरच ठरणार. गटातून काढलेल्या माणसाच्या हातून म्हणूनच एखादे ॲप नव्हे, शहराच्या सांस्कृतिक जीवनात शिरण्याचे दार जाते. शिवाय ज्याने काढले तो आणि ज्याला काढले तो, दोघे उद्या एकाच फलाटावर उभे असतात. अनोळखी लोकांच्या जागतिक गटात अबोला परवडतो, तो इथे परवडत नाही.

अर्थात अनोळखी लोकांतही तो फार काळ परवडत नाही. रेडिट या संकेतस्थळावर चित्रकलेचा कोट्यवधी सभासदांचा एक गट आहे आणि तो स्वयंसेवक चालवतात. यंत्राकडून, म्हणजे एआयकडून, करून घेतलेली चित्रे तिथे चालत नाहीत. २०२२ च्या अखेरीस व्हिएतनाममधल्या एका चित्रकाराचे चित्र एआयचे दिसते म्हणून काढले गेले आणि त्याच्यावर बंदी आली. मूळ फाइल दाखवतो, असे तो म्हणाला. स्वयंसेवकाने पुरावा बघण्याऐवजी, तू स्वतः काढले असलेस तरी फरक पडत नाही, वेगळी शैली शोध, अशा अर्थाचे उत्तर दिले. ते उत्तर जगभर फिरले, चित्रकारांचा संताप उसळला आणि गट काही काळ बाहेरच्यांसाठी बंद ठेवावा लागला. इथे नियमाचा दोष नव्हता. त्या वर्षी यंत्राच्या चित्रांनी चित्रकार धास्तावले होते, त्यामुळे असा नियम असणे समजण्यासारखे होते. डोळ्यांना चकवा बसला हाही मोठा गुन्हा नाही. गट अडचणीत आला तो म्हणणे ऐकून न घेतल्यामुळे. चुकलेला निर्णय दुरुस्त करण्याची वाट उघडी असती, तर ही गोष्ट दोन मेसेजमध्ये मिटली असती.

कारण सांगितल्याने खरेच फरक पडतो का, हे तपासूनही पाहिले गेले आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये रेडिटवरच्या कोट्यवधी पोस्ट अभ्यासल्या. ज्यांची पोस्ट काढताना कारण कळवले गेले, त्यांच्या पुढच्या पोस्ट काढाव्या लागण्याची शक्यता कमी झालेली दिसली. म्हणजे कारण कळलेला सभासद शिकतो. न कळलेला एक तर तीच चूक पुन्हा करतो किंवा मुकाट्याने निघून जातो, आणि निघून गेलेल्याची नोंद कोणी ठेवत नाही. कलागटात हे नुकसान दुहेरी आहे. पहिल्यांदा स्वतःचे चित्र लोकांपुढे ठेवणारा माणूस आधीच धास्तावलेला असतो. त्याचे चित्र काही न सांगता नाहीसे झाले, तर तो त्यात नियमभंग पाहत नाही. आपले चित्रच वाईट होते, असे तो समजतो.

कलेच्या गटातले वाद इतर गटांतल्या वादांपेक्षा गुंतागुंतीचेही असतात. पिंटरेस्टवरचा फोटो समोर ठेवून काढलेले चित्र कोणाचे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ नुसार हक्क विकल्यानंतरही कलाकृतीवर आपले नाव सांगण्याचा अधिकार निर्मात्याकडे राहतो. म्हणून मूळ छायाचित्रकाराचे नाव मागणे रास्त आहे, पण नाव न लिहिणारा प्रत्येक जण चोर नसतो. नग्नचित्रांचेही तसेच. मानवी देहाचा अभ्यास कलाशिक्षणाचा भाग आहे. मुलाला एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या तयारीसाठी गटात आणणाऱ्या पालकाला मात्र ते चित्र अचानक समोर आलेले नको असते. डोंबिवलीकर दिग्दर्शक रवी जाधव यांचा ‘न्यूड’ हा चित्रपट जे. जे. कला महाविद्यालयात मॉडेल म्हणून काम करणाऱ्या स्त्रीवर आहे. २०१७ मध्ये गोव्याच्या इफ्फी महोत्सवासाठी ज्युरींनी तो निवडला होता, पण माहिती व प्रसारण मंत्रालयाने त्यांना न विचारता वगळला. ज्युरींचे अध्यक्ष सुजॉय घोष यांनी राजीनामा दिला. पुढे सेन्सॉर मंडळाने एकही काट न सुचवता चित्रपटाला प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र दिले. त्याच सुमारास, २०१८ मध्ये, पॅरिसच्या न्यायालयाने फेसबुकवर ठपका ठेवला. कुर्बे या चित्रकाराचे प्रसिद्ध नग्नचित्र लावणाऱ्या शिक्षकाचे खाते पूर्वसूचना न देता बंद केले, ही चूक मानली गेली. नुकसानभरपाई मात्र नाकारली गेली. मंत्रालय, जागतिक कंपनी आणि सोसायटीतला गट यांच्या ताकदीत जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण चुकीची जात एकच: समोरच्याशी न बोलता निर्णय.

मग करायचे काय? याचे उत्तर शोधायला दूर जायला नको. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून उभे आहे. अशा संस्थांना लिखित घटना असते, इतिवृत्त असते, वार्षिक सभा असते. सभासदाला काढायचे तर आधी नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकावे लागते. फोनवरच्या गटाने एवढा पसारा मांडायची गरज नाही, पण चार गोष्टी उचलाव्यात. पोस्ट उडवली की त्याच दिवशी सभासदाला खासगीत कारण कळवावे. निर्णयाविरुद्ध दाद मागायची असेल तर ती ऐकणारा ॲडमिन दुसरा असावा. शिक्षा पायरीपायरीने वाढावी: आधी समज, मग आठवडाभर विश्रांती, शेवटी निरोप. आणि ॲडमिनपदाला मुदत असावी. सामाईक कुरणे, कालवे, मासेमारी यांचा अभ्यास करून २००९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत याच धर्तीच्या गोष्टी आढळल्या होत्या: पायरीने वाढणारी शिक्षा, जवळच्या जवळ स्वस्तात मिटणारे तंटे, आणि नियम बदलताना ज्यांना ते पाळायचे त्यांचा आवाज. मुदतीचे उदाहरण मराठीतही आहे. १९९६ पासून चालू असलेल्या मायबोली या संकेतस्थळावरच्या गणेशोत्सवासाठी दरवर्षी स्वयंसेवकांतून नवे संयोजक मंडळ उभे राहते. काम वाटले जाते आणि कोणी एक जण मालक होऊन बसत नाही. पाचवी गोष्ट खास कलागटाची आहे. चित्र टाकताना सभासदाने ‘दाद हवी’ की ‘सूचना हव्यात’ हे एका शब्दात लिहावे. नुसत्या ‘अप्रतिम’ने कंटाळलेला आणि न मागितलेल्या धड्याने दुखावलेला, दोघेही त्याने वाचतात.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. सकाळची लोकल पकडून रात्री परतणारा माणूस फुकटात हे काम करतो; त्याने प्रत्येक ‘गुड मॉर्निंग’मागे पत्र लिहायचे का? आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर वर सांगितलेल्या रेडिटवरच्या २०१९ च्या अभ्यासात आहे. माणसाने लिहिलेले कारण आणि यंत्राने धाडलेले ठरावीक कारण यांच्या परिणामात तिथे लक्षणीय फरक आढळला नाही. ‘मूळ संदर्भाचे नाव हवे’, ‘क्लासची जाहिरात फक्त रविवारी’, ‘कलेबाहेरचे फॉरवर्ड नकोत’ अशी आठ-दहा वाक्ये एकदा लिहून ठेवली की अर्ध्या मिनिटाचे काम उरते. शब्द सौम्य असावेत, त्यांत चित्राच्या दर्जाबद्दल अवाक्षर नसावे आणि दाद कोणाकडे मागायची तेही असावे.

दुसरा आक्षेप जिव्हाळ्याचा. आमचा घरगुती गट, नियम लावले की मोकळेपणा जाईल, असे म्हटले जाते. रेडिटवरच्या विज्ञानगटात याचीच परीक्षा झाली. २,१९० चर्चांपैकी काहींच्या माथ्यावर नियम ठळकपणे लावले आणि काहींवर लावले नाहीत. नियम दिसत होते तिथे नवख्यांचे नियमपालन आठ टक्के बिंदूंहून अधिक वाढले आणि नवख्यांचा सहभाग सरासरी ७० टक्क्यांनी वाढला. तो गट विज्ञानाचा होता, कलेचा नव्हे, ही मर्यादा मान्य करूनही कारण समजण्यासारखे आहे. न लिहिलेले नियम फक्त जुन्यांना ठाऊक असतात, म्हणून मोकळेपणाही जुन्यांनाच मिळतो.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येणारा: गट मी काढला, ज्याला पटत नाही त्याने बाहेर पडावे. चार मित्रांच्या गटापुरते हे ठीक आहे. पण त्याच गटातून प्रदर्शनाच्या भिंती वाटल्या जात असतील, पाडव्याच्या रांगोळीसाठी हात निवडले जात असतील, तर तो गट सार्वजनिक झाला आणि त्याच्या ॲडमिनचा निर्णयही. याचा अर्थ प्रत्येक निर्णयाची सगळ्यांपुढे चिरफाड करावी असा नाही. नावे गाळून महिन्याअखेर एक हिशेब टाकावा: किती पोस्ट काढल्या, कोणत्या नियमाखाली, किती परत लावल्या. वाद त्याने वाढत नाहीत, अफवा थांबतात. जो मुद्दाम त्रास देतो, महिलांचे नंबर उचलून खासगीत मेसेज करतो, त्याला मात्र समज देत बसू नये. तिथे आधी काढावे, कारण मागाहून कळवावे.

इथल्या गटांना जगातल्या मोठ्या गटांना नसलेली एक सवलत आहे. त्यांचे सभासद वर्षातून एका संध्याकाळी एकत्र येऊ शकतात. एखाद्या वाचनालयाच्या किंवा शाळेच्या खोलीत तासभर जमावे, वर्षभराचे हिशेब वाचावेत, दोन नियम बदलावेत, नवे ॲडमिन निवडावेत. ज्यांना वर्षभरात समज मिळाली त्यांनाही आवर्जून बोलवावे. त्यांच्यापैकी किती जण येतात, यावरून गट कसा चालला आहे ते कळेल.