सल्फाइटची बरणी

कृष्णधवल फोटो धुण्याची रसायने घरी करता येतात काय, असे छंदी मंडळी पुष्कळदा विचारतात. येतात. मात्र त्यात एक मेख आहे, आणि ती मला आजीचा अखेरचा फोटो गमावून कळली.

कोडॅकने १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेला डी-७६ हा डेव्हलपर चार पुडींचा. पाऊण लिटर पाणी ५२ अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे. त्यात २ ग्रॅम मेटॉल, मग १०० ग्रॅम निर्जल सोडियम सल्फाइट, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन आणि शेवटी २ ग्रॅम बोरॅक्स घालावे. एक पूड पुरती विरघळल्याखेरीज दुसरी टाकू नये. नंतर थंड पाण्याने लिटर पुरे करावे. हा क्रम म्हणजे नुसते सोवळे नव्हे. सल्फाइटच्या दाट द्रावणात मेटॉल विरघळता विरघळत नाही. मेटॉलआधी सल्फाइटची चिमूट तेवढी टाकावी, म्हणजे मेटॉल हवेने तपकिरी पडत नाही. तोलण्यास सोनाराकडे असतो तसा बारीक काटा हवा.

माझे तोलणे चुकले नव्हते. सल्फाइटची बरणी दोन पावसाळे सैल झाकणाने राहिली होती. दमट हवेत सल्फाइटचे हळूहळू सल्फेट होते. दिसायला तेही पांढरेच, वजनालाही भरते. पण मेटॉलचे रक्षण करण्याचा गुण त्यात उरत नाही. रात्रीतून द्रावण कोऱ्या चहासारखे झाले. ‘चालेल’ म्हणून मी रोल त्यातच धुतला. निगेटिव्हवर आजीच्या पांढऱ्या केसांची कडा तेवढी उमटली, चेहरा नाही.

तेव्हापासून फिल्मचे उजेड लागलेले टोक कापून आधी डेव्हलपरात बुडवितो. ते काही मिनिटांत काळेठिक्कर झाले, तरच रोल टाकीत जातो.

फिक्सर त्यामानाने भोळा. लिटरभर द्रावणास २५० ग्रॅम हायपो पुरतो. तो विरघळताना पाणी फार गार पडते, म्हणून कोमट पाणी घ्यावे. चांदीचे क्षार विरघळविण्याचा त्याचा गुण जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदविला होता. आपल्या इंदुरातून पुढे निजामाच्या दरबारी गेलेले राजा दीनदयाळ यांच्या आरंभकाळी तर काचेची प्लेटही ऐनवेळी स्वतःच लेपून घ्यावी लागे. आपल्या चार पुड्यांचे काय घेऊन बसलात!

मेटॉलने काहींच्या हातांवर पुरळ उठते. रबरी हातमोजे घालावेत. ही भांडी व चमचे पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत, बाटल्या मुलांपासून दूर, नाव व तारीख लिहून ठेवाव्यात. सल्फाइट मी आता थोडेथोडेच आणतो, आणि बरणीच्या झाकणावर मेण ओततो.