खिडकीतून किती सांगायचे?

१९८६ साली मी बँकेत कारकून म्हणून लागलो, तेव्हा खातेदार आणि त्याचे पैसे यांच्यामध्ये एक लाकडी काउंटर, एक पितळी टोकन आणि माझ्यासारखा एक माणूस असे. खातेदाराने स्लिप भरायची, मी लेजर उघडून शिल्लक पाहायची, सही ताडायची आणि स्लिप पुढे सरकवायची. लेजर मात्र काउंटरपलीकडे कधी जात नसे. स्लिपवर मागितले असेल तेवढेच बाहेर जाई.

परवा आमच्या गिरणीवाल्याने मोबाइल माझ्यापुढे धरला, तेव्हा हे सारे आठवले. त्याला नवी चक्की घ्यायची आहे. कर्जाचा अर्जही मोबाइलवरच केलेला. "काका, खात्याचा उतारा देऊ का म्हणून विचारतायत. हो म्हणू ना?" असे म्हणेपर्यंत त्याचा अंगठा बटणाशी पोहोचलाही होता.

"थांब," मी म्हणालो.

आता लेजर संगणकात गेले आणि काउंटरची खिडकीही संगणकातच उघडली. बाहेरच्या संस्थेचे सॉफ्टवेअर या खिडकीशी येते, ठरलेल्या नमुन्यात प्रश्न विचारते आणि ठरलेल्या नमुन्यातच उत्तर घेऊन जाते. संगणकवाले या खिडकीला एपीआय म्हणतात. माझ्या लेखी ती आमची जुनी स्लिपच आहे. फरक इतकाच, की इथे सही ताडणारा कारकून नाही. काय सांगायचे आणि काय नाही, हे आधीच लिहून ठेवावे लागते.

२०१६ साली यूपीआय आले, तेही याच खिडक्यांच्या जोरावर. आपण दळणाचे वीस रुपये देतो, तेव्हा ज्या अॅपवरून ते देतो त्याच्याकडे आपले खाते नसतेच. निरोप नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनमार्फत आपल्या बँकेकडे जातो, बँक पैसे वजा करते आणि गिरणीवाल्याची बँक ते जमा करते. आपला पिन कुलूपबंद होऊन आपल्या बँकेकडे जातो. मधल्या अॅपला तो वाचता येत नाही.

गिरणीवाल्यापुढे होती ती खिडकी निराळी, 'अकाउंट अॅग्रिगेटर'ची. रिझर्व्ह बँकेने तिचे नियम २०१६ मध्ये केले आणि सप्टेंबर २०२१ मध्ये ती प्रत्यक्षात सुरू झाली. उतारा एका बँकेतून दुसरीकडे पोहोचवणारा हा मध्यस्थ म्हणजे बंद पाकीट नेणारा पोस्टमन. आत काय आहे ते त्याला दिसत नाही. आणि पाकीट निघते तेही खातेदाराच्या संमतीनेच. कोणती माहिती, कशासाठी, किती काळ आणि किती वेळा, हे त्या संमतीत लिहावेच लागते. संमती मागेही घेता येते.

पण एकदा सांगून झालेले परत घेता येत नाही. हे मी नियमांच्या पुस्तकात शिकलो नाही.

१९८९ साली मी तालुक्याच्या गावी होतो. बाजारचा दिवस, काउंटरवर झुंबड. एका विधवा बाईंचा पुतण्या आला. "काकूंनी शिल्लक विचारायला पाठवलंय." ओळखीचा चेहरा. लेजर समोरच होते. मी आकडा सांगून मोकळा झालो.

आठ दिवसांनी त्या बाई स्वतः आल्या. खाते रिकामे करायला. मुलीच्या नर्सिंगच्या शिक्षणासाठी त्यांनी घरच्यांच्या नकळत पै पै जमवली होती. आकडा कळला आणि घरात तगादा सुरू झाला. टोकन हातात घेऊन त्या म्हणाल्या, "साहेब, चोरी झाली असती तर पोलिसांत गेले असते. हे तर तुम्हीच तोंडानं सांगितलंत." मान वर करून त्यांच्याकडे पाहण्याची माझी हिंमत झाली नाही. मुलीचे पुढे काय झाले, हेही कधी विचारवले नाही.

म्हणून गिरणीवाल्याला मी पडद्यावरचा प्रत्येक शब्द मोठ्याने वाचायला लावला. मागे गिऱ्हाईक खोळंबले होते. तो वाचता वाचता एका ओळीवर अडला.

"काका, कर्ज एकदाच घ्यायचंय. मग वर्षभर दर महिन्याला माझं खातं कशाला बघायचंय यांना?"

"कर्ज देणाऱ्याला ते बघावंसं वाटणारच. त्यात वावगं नाही. पण चालेल की नाही, ते तू ठरवायचं."

त्याने क्षणभर विचार केला. मग नकाराचे बटण दाबले आणि म्हणाला, "आधी जाऊन विचारून येतो."

मी दळणाचा डबा उचलला. वीस रुपये मोबाइलवरूनच दिले.