वाढती किंमत, स्थिर मिळकत : मुंबईतील मालमत्ता करातील न्यायाचा प्रश्न

राहत्या घराची बाजारातील किंमत वाढली म्हणून त्या घरात राहणाऱ्या कुटुंबाच्या हाती अधिक पैसा येतोच असे नाही. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या दांपत्याचे घर कोटींच्या घरात गेले, तरी ते विकेपर्यंत ही वाढ कागदावरच राहते, कर मात्र दरवर्षी रोख भरावा लागतो. मुंबईने कर आकारणीच्या दोन भिन्न पद्धती अनुभवल्या असल्यामुळे या पेचाचा अभ्यास तेथे विशेष बोधप्रद ठरतो.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार मूळ आकारणी ‘करपात्र मूल्या’वर, म्हणजे एखादी वास्तू भाड्याने दिल्यास वर्षाला जे वाजवी भाडे अपेक्षित असेल त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून उरणाऱ्या रकमेवर, होत असे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली, आणि जेथे असा कायदा लागू आहे तेथे करासाठीचे मूल्यही कायद्याने अनुज्ञेय असलेल्या ‘प्रमाण भाड्या’पलीकडे जाऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये दिल्लीतील एका प्रकरणात स्पष्ट केले. परिणामी गिरगावातील जुनी इमारत आणि तिच्या शेजारी नव्याने उभी राहिलेली इमारत एकच रस्ता, एकच जलवाहिनी आणि एकच मलनिस्सारण व्यवस्था वापरत असूनही त्यांच्या करांत मोठी तफावत पडली. रहिवाशाला संरक्षण देण्याचा हेतू योग्य होता. परंतु हे संरक्षण मूल्य गोठवून दिल्यामुळे भार नव्याने घर घेणाऱ्यांकडे सरकला.

ही विषमता दूर करण्यासाठी १ एप्रिल २०१० पासून ‘भांडवली मूल्या’ची पद्धत लागू झाली. तिच्यात मुद्रांक शुल्कासाठी शासन दरवर्षी प्रसिद्ध करत असलेल्या बाजारमूल्य दर तक्त्यातील, म्हणजे रेडीरेकनरमधील, दर पायाभूत धरून वास्तूचा वापर, बांधकामाचा प्रकार, वय आणि क्षेत्रफळ यांनुसार त्यात फेरफार केला जातो. जमिनीवर भविष्यात किती बांधकाम होऊ शकेल, या शक्यतेलाही मूल्यात धरणारे नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. मालमत्ता आज ज्या स्थितीत आहे त्या स्थितीचेच मूल्य धरावे, हे त्यामागील तत्त्व घरमालकांच्या दृष्टीने मोलाचे आहे.

लहान घरांना दिलासा देण्यासाठी ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून संपूर्ण मालमत्ता करमाफी देण्यात आली. या माफीने असंख्य कष्टकरी कुटुंबांची चिंता मिटवली. तथापि क्षेत्रफळ हे आर्थिक क्षमतेचे अपुरे मोजमाप आहे. दादरमधील साडेपाचशे चौरस फुटांच्या घरात राहणारे निवृत्त दांपत्य पूर्ण कर भरते, तर आलिशान मनोऱ्यातील साडेचारशे फुटांचे घर मालकाच्या उत्पन्नाची कोणतीही चौकशी न होता करमुक्त राहते.

वाढत्या किमतींच्या पेचावर करासाठीचे मूल्यच गोठवावे, हा उपाय कॅलिफोर्नियाने १९७८ मध्ये सार्वमताने स्वीकारला. तेथे कर मूल्याच्या एक टक्क्यापुरता आणि मूल्यातील वार्षिक वाढ दोन टक्क्यांपुरती सीमित झाली, मात्र घर विकले जाताच त्याचे मूल्य नव्या बाजारभावाने ठरू लागले. त्यामुळे वृद्ध रहिवाशांना घर सोडण्याची वेळ आली नाही, पण एकाच गल्लीतील सारख्या घरांवर अनेक पटींनी भिन्न कर पडू लागले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ही व्यवस्था घटनाबाह्य नसल्याचे ठरवले, तरी विषमता कायम राहिली. मुंबईने गोठवलेल्या भाड्यांतून अनुभवलेलेच हे फळ होते.

या अनुभवांचा निष्कर्ष असा की, मूल्य किती धरावे आणि कर केव्हा व कोणाकडून वसूल करावा, हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. मूल्य खरेच असावे, कारण ते खोटे धरले की त्याची भरपाई शेजाऱ्याला करावी लागते; मात्र सर्व घरांची मूल्ये दुप्पट झाल्यास दर निम्मा केला, तर कोणाच्याही देयकात वाढ होत नाही, म्हणून फेरमूल्यांकनाबरोबर दराचाही फेरविचार होणे हे कर्तव्य ठरते. पुणे महानगरपालिकेने १९७० पासून दिलेली आणि मध्यंतरी बंद होऊन २०२३ मध्ये पूर्ववत झालेली स्वनिवासी घरांसाठीची चाळीस टक्क्यांची सवलत राहणारा आणि गुंतवणूकदार यांच्यातील भेद ओळखते. तिच्या जोडीला, कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात पंचावन्न वर्षे व त्याहून अधिक वयाच्या घरमालकांना आहे तशी, कर व्याजासह थकीत ठेवून घर विकताना किंवा वारसांकडे जाताना फेडण्याची सोय महाराष्ट्रातही असावी. वाढलेली किंमत ज्या दिवशी खऱ्या पैशांत उतरते त्याच दिवशी तिच्यावरचा कर मागितला, तर पालिकेचे उत्पन्न बुडत नाही आणि आयुष्यभर कष्ट करून घर घेतलेल्या माणसाला ते केवळ परिसर महागला म्हणून सोडावे लागत नाही.