वळिवाची आगाऊ सूचना

बालाघाटच्या पठारावरील मुरुम परिसरात वैशाखातील वळिवाची वाट पाहिली जाते, ती तलखीतून घटकाभर सुटका व्हावी म्हणून. परंतु हाच वळीव मराठवाड्यात माणसांचे आणि गुरांचे बळीही घेतो, याचा विसर पडता कामा नये.

तापलेल्या भूमीवरील हवा वर चढते आणि बाष्प लाभताच दुपारनंतर मेघांचे डोंगर उभे राहतात. त्यांचा पाऊस थोड्या वेळात, थोड्या जागेत कोसळतो. माळावरची पातळ माती तेवढे पाणी पिऊ शकत नाही. ते उताराने ओढ्याकडे धावते. पाऊस वरच्या शिवारात आणि लोंढा खालच्या कोरड्या पात्रात, हे असे घडते.

उमरगा तालुक्याने ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप सोसला आहे. त्या पहाटे भूमीने सावध केले नव्हते. वळीव मात्र बहुधा गर्जत येतो. वीज दिसल्यावर ३० सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला, तर ती सुमारे १० किलोमीटरांच्या आत पडली असे समजावे. अशा वेळी झाडाचा नव्हे, पक्क्या घराचा आसरा घ्यावा. पाण्याखाली गेलेला पूल ओलांडू नये.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल अ‍ॅप विजेचा इशारा देते. परंतु रानात गुरे राखणाऱ्याच्या हाती तसा मोबाइल असेलच असे नाही. ग्रामपंचायतीचा भोंगा आणि शाळेतील शिकवण यांनी ही उणीव भरून काढली पाहिजे. इशारा कार्यालयात पोहोचला एवढ्याने भागत नाही. तो बांधापर्यंत गेला, तरच त्याचा उपयोग.