शेवटचं लॉगआउट कोण करणार?

कॉलेजात असताना कुणी मृत्युपत्र करतं का? आपल्या नावावर ना फ्लॅट, ना जमीन. पण जरा फोनमध्ये डोकावून बघा. हजारो फोटो, रात्री दोनपर्यंत चाललेले चॅट, कुणालाही न दाखवलेल्या नोट्स, क्लाउडवरचा प्रोजेक्ट... ही तुमचीच इस्टेट. तुमच्यानंतर ती कुणाची?

जर्मनीत हा प्रश्न थेट सर्वोच्च दिवाणी न्यायालयापर्यंत गेला. २०१२ मध्ये बर्लिनला मेट्रोखाली सापडून १५ वर्षांची एक मुलगी गेली. अपघात की आत्महत्या, हे कळावं म्हणून आईवडिलांना तिचे फेसबुकवरचे मेसेज बघायचे होते. आईकडे पासवर्डही होता. पण तोवर ते ‘स्मृती खातं’ झालं होतं आणि त्यात कुणालाच लॉगइन करता येत नाही. तिच्याशी बोलणाऱ्या मित्रमैत्रिणींच्या खासगीपणाचं काय, असा कंपनीचा सवाल होता. अखेर जुलै २०१८ मध्ये निकाल लागला. पत्रं आणि डायऱ्या वारसांना मिळतात, तसंच हे खातंही मिळेल. आईवडील जिंकले.

आता खरं सांगा, तुमचे चॅट घरच्यांनी वाचलेले चालतील? काहींना चालेल, काहींना नुसत्या विचारानेच घाम फुटेल. दोन्ही ठीकच. पण ते ठरवायला तुम्ही तेव्हा नसाल, म्हणून आत्ताच ठरवा.

गुगलच्या सेटिंगमध्ये ‘इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर’ आहे. खातं ३ ते १८ महिने वापरात नसेल तर कुणाला काय द्यायचं, की सगळं पुसून टाकायचं, हे तिथे सांगून ठेवता येतं. फोटो ताईला आणि मेल कुणालाच नाही, असंही चालतं. फेसबुकवर १८ वर्षं पूर्ण झाली की ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ नेमता येतो. तो तुमचा प्रोफाइल फोटो बदलू शकतो, मेसेज मात्र वाचू शकत नाही. नकोच असेल तर खातं कायमचं डिलीट व्हावं, असंही निवडता येतं. आयफोनवरही अशी सोय आहे. तिथे नेमलेल्या माणसाला खास की आणि मृत्यूचा दाखला, दोन्ही लागतं.

बँकेत खातं उघडताना नॉमिनीचं नाव लिहिलंतच ना? हेही तसंच, दहा मिनिटांचं काम. फक्त ज्याला नेमाल त्याला एकदा सांगून ठेवा.