कुष्ठाचा जंतू पेशीत शिरून काय करतो?



कर्जतच्या वाड्यांवर आणि खालापूरच्या वीटभट्ट्यांवर आरोग्याचे काम करताना एक वाक्य आमच्या कानावर सतत पडते : "चट्टा आहे, पण दुखत नाही, मग दवाखान्यात कशाला?" कुष्ठरोगात खरा धोका याच न दुखण्यात आहे. चट्टा का दुखत नाही, हे आपण नीट समजून घेऊ.

परजीवी म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जगणारा. कुष्ठाचा जंतू नॉर्वेचे डॉ. हॅन्सन यांनी 1873 साली शोधला. तो आहे जिवाणू, पण पक्का परजीवी. 2001 साली त्याची जनुके वाचली गेली, तेव्हा त्यातली शेकडो निकामी झालेली दिसली. स्वतःचे पोट भरण्याची बरीच ताकद त्याने गमावली आहे. म्हणूनच प्रयोगशाळेच्या बशीत तो आजही वाढत नाही. त्याला आपली जिवंत पेशीच लागते.

आता जनुकांचे पाहू. आपल्या बहुतेक पेशींत जनुकांची एकच वही असते. पण कातडीची पेशी त्यातली काही पाने उघडते, मज्जातंतूची पेशी वेगळी पाने उघडते. बाकीची पाने मिटलेली राहतात. कोणते पान उघडायचे आणि कोणते मिटायचे, याला जनुकांचे नियमन म्हणतात. वहीतले एकही अक्षर न बदलता, पानावर मिथाइल नावाची रासायनिक खूण बसली तरी ते मिटू शकते.

कुष्ठाचा जंतू नेमका इथे हात घालतो. मज्जातंतूंभोवती श्वान पेशींचे वेष्टण असते. (श्वान हे जर्मन शास्त्रज्ञाचे नाव; कुत्र्याशी संबंध नाही.) जंतू त्यांतच घर करतो. 2013 साली एडिंबरा विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी उंदरांच्या श्वान पेशींवर केलेले काम प्रसिद्ध झाले. जंतू शिरल्यावर या पेशींची स्वतःची ओळख सांभाळणारी जनुके मिटली आणि वाढीच्या कोवळ्या अवस्थेतली जनुके उघडली. पेशी आपले काम विसरून जागा सोडू लागल्या आणि जंतूला सोबत घेऊन पसरल्या. माणसाच्या शरीरात हे सारे असेच घडते, असे अजून सिद्ध झालेले नाही. पण रुग्णाच्या त्वचेत, जंतूंना गिळणाऱ्या भक्षक पेशी चरबीच्या थेंबांनी भरलेल्या दिसतात. जंतूने पेशीची चरबी साठवणारी जनुके वाढवून घेतलेली असतात. म्हणजे पहारेकऱ्यालाच त्याने स्वयंपाकी केले!

हे सारे अगदी संथ चालते. हा जंतू दुप्पट व्हायला सुमारे दोन आठवडे घेतो. लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी वीसही लागतात. तोवर मज्जातंतू आतून खराब होत राहतो आणि संवेदना जाते. म्हणून चट्टा दुखत नाही. पुढे चुलीवरचे भांडे हाताला भाजते, पायात काटा रुततो, तरी कळत नाही. जखमा चिघळतात आणि बोटे आखूड होत जातात.

यात मागच्या जन्मीचे पाप कुठेच नाही. आहे तो एक जंतू, आणि त्यावर औषध आहे. रिफाम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफाझिमिन यांचा एकत्रित उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो. प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत रुग्णापासून संसर्ग होत नाही. त्याला वेगळे ठेवायची गरज नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण 2019 साली कायद्यातूनही काढून टाकले आहे. औषधाने जंतू मरतो. मेलेला मज्जातंतू मात्र परत येत नाही. म्हणून वेळ महत्त्वाची.

फिकट किंवा लालसर चट्टा, त्यावर बधिरता, हातापायाला मुंग्या, बोटांत कमजोरी, जाड झालेली कानाची पाळी : यांपैकी काही दिसले तर आशाताईंना दाखवा. घरातल्या सर्वांची तपासणी करून घ्या. दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबांत कोणाचे औषध चालू असेल, तर निघण्यापूर्वी आरोग्य केंद्रात सांगा, म्हणजे गोळ्या सोबत नेण्याची किंवा तिथे मिळण्याची सोय करता येते. गोळ्या मध्येच थांबवू नका.