कापडावरचे आकाश

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला १६६४ सालचा हिशेब अधूनमधून द्यावाच लागतो. खगोलशास्त्रात संशोधन करणाऱ्या मराठी मुलीला त्याशिवाय लोकांचे भविष्यही सांगावे लागते. लिंबायतमधल्या आमच्या गल्लीतील निम्म्या लोकांनी माझ्यापुढे तळहात धरून झाला आहे. ज्योतिष वेगळे आणि हे वेगळे, एवढे समजावून सांगितले की पुढचा प्रश्न ठरलेला : "मग रात्री दुर्बीण कुठे लावतेस?"

दुर्बीण मी लावीत नाही. ती जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ खोडदला आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाचे ३० अँटेना आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरी टिपतात. तिचा वेळ मिळावा म्हणून वर्षातून दोनदा अर्ज मागवितात. मंजूर झाला तर काही तास वाट्याला येतात. पुढचे महिनोन् महिने सुरतेत, संगणकापुढे. मोबाइल मनोरे, विजेच्या तारा यांचा गोंगाट त्या नोंदींत मिसळलेला असतो, तो वेचून काढायचा. आजीला हे सर्वांत आधी समजले. "म्हणजे तांदूळ निवडायचे," ती म्हणाली. निवडून झाले की उरतात ठिपके. एकेक ठिपका म्हणजे बहुधा एखादी दूरची दीर्घिका. तेजस्वी किती, मंद किती, ही मोजदाद हाच माझ्या प्रबंधाचा विषय.

या मोजदादीवरूनच १९६१ साली लंडनला मोठी जुंपली होती. केंब्रिजच्या मार्टिन राइल यांनी मंद ठिपके अपेक्षेपेक्षा फार आहेत असे दाखवून फ्रेड हॉइल यांच्या स्थिर विश्वाच्या सिद्धांतावर घाव घातला. फेब्रुवारीत रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या सभेत त्याला उत्तर द्यायचे होते. पण हॉइल यांचे व्याख्यान दुसरीकडे आधीच ठरलेले. त्यांनी आपल्या विद्यार्थ्याला उभे केले. तो विद्यार्थी म्हणजे कोल्हापूरला जन्मलेले जयंत नारळीकर, वय वर्षे बावीस, संशोधनाला लागून वर्षही झालेले नाही! पुढे १९६५ नंतर विद्वानांचा कौल बहुतांशी हॉइल यांच्या विरुद्ध गेला, हे खरे. नारळीकर मे २०२५ मध्ये गेले, तेव्हा वर्तमानपत्रांतून त्यांच्या विज्ञानकथांविषयी पुष्कळ लिहून आले. मला मात्र ती सभाच आठवत राहिली. आपल्यापेक्षा थोर माणसांपुढे आपला आकडा ठेवायचा आणि त्यांचे प्रश्न झेलायचे, याखेरीज मोजदादीला किंमत येत नाही.

सुरतेत ती सोय नाही. हिरे, जरी आणि माग यांतले जाणकार येथे पावलोपावली भेटतात. माझ्या विषयातले मार्गदर्शक धरून दोघे. ऑगस्ट २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अधिवेशन केपटाउनला, आफ्रिकेत प्रथमच, भरले. विमानाचे भाडे आमच्या आवाक्याबाहेरचे. तेथली भाषणे मी घरी बसून ऐकली, पण भाषणानंतर चहाच्या टेबलाशी जे बोलणे होते ते तारेवरून येत नाही.

म्हणून इंदूरची आठवण मोलाची. मार्च २०२३ मध्ये भारतीय खगोलशास्त्रीय सोसायटीची सभा तेथल्या आय.आय.टी.त होती. विद्यार्थ्याने आपले काम मोठ्या चित्रफलकावर मांडायचे असते. कागदाची गुंडाळी रेल्वेत चेपते. तेव्हा साड्यांच्या छपाईत असलेल्या काकांनी फलक पॉलिस्टरवरच छापून दिला. छापणाऱ्या कारागिराने ठिपके न्याहाळून एवढेच विचारले, की याला काठ कोणता लावायचा? घडी घालून तो पिशवीत टाकला आणि रात्री अवंतिका एक्सप्रेस धरली. आपले बडोदे मध्यरात्रीच्या सुमारास गेले, उजाडता उजाडता उज्जैन. २२ जुलै २००९ च्या खग्रास ग्रहणात चंद्राची सावली सुरतेहून इंदूरला काही मिनिटांत पोहोचली होती; गाडीला सारी रात्र लागते. त्या दिवशी सुरतेवर दाट ढग होते. गच्चीवर आम्हा मुलांना सूर्य दिसलाच नाही, फक्त सकाळी साडेसहाच्या आत रात्र परत आली. आईने घरात ओढले नाही, याबद्दल मी तिची ऋणी आहे.

इंदूरला दोन दिवस फलकापाशी उभी होते. बरेचसे लोक कापडाला हात लावून पुढे गेले. दुसऱ्या दिवशी एक वयस्क गृहस्थ थांबले, चष्मा वर करून त्यांनी वाचले आणि विचारले, "तुला न सापडलेले किती?" फार मंद ठिपके गोंगाटात बुडतात, बुडालेले किती, हे कळल्याशिवाय सापडलेल्यांची संख्या अपुरी. त्यावर उपाय मजेदार आहे. चित्रात आपणच हजारो खोटे ठिपके पेरायचे आणि आपली रीत त्यांतले किती शोधते ते पाहायचे. शंभरांतले साठ सापडले, तर खऱ्या मोजणीलाही त्याच प्रमाणात वाढवायचे. गृहस्थांनी माझ्याच वहीत आकृती काढून दाखविली. चहा गार झाला. परतल्यावर त्या आकृतीतून माझ्या प्रबंधाचे चौथे प्रकरण निघाले.

शिष्यवृत्ती पाच वर्षांची असते. २०२३ च्या जानेवारीत ती वाढून आरंभीच्या दोन वर्षांसाठी महिना ३७,००० झाली, पुढे ४२,०००. माझे शेवटचे वर्ष चालू आहे. वडील कॉलेजातल्या नोकरीच्या जाहिराती कापून ठेवतात. मीही तीन ठिकाणी अर्ज केले आहेत. पण चौथ्या प्रकरणातली मंद टोकाकडची संख्या अजून हलते आहे, आणि पुढच्या सभेसाठी काकांकडे दोन मीटर कापड सांगून ठेवले आहे.